रुमालातले पाप

पाणी लाल झाले तेव्हा सभागृहातली चारशे माणसे एकदम मागे सरकली. खुर्च्यांचे पाय फरशीवर खरखरले, ढोल मध्येच थांबला आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोक्याचे फडके डोळ्यांवर ओढून घेतले. पांढऱ्या घमेल्यात क्षणापूर्वी नितळ पाणी होते. आता ते जास्वंदीच्या सरबतासारखे दिसत होते.

आणि त्या घमेल्यात हात होते माझे.

"बघा," प्रॉफेट न्यामेचे हलक्या आवाजात म्हणाले. हलक्या आवाजासाठी त्यांनी माईक ओठांना चिकटवला होता. "सहा वर्षं तुमचं कॉलेज का हरतंय, ते बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमासी शहरात आंतरमहाविद्यालयीन विज्ञान-तंत्रज्ञान प्रश्नमंजुषा होती. आमचे टेक्निकल कॉलेज सलग सहा वर्षे पहिल्याच फेरीत गारद झाले होते. प्रयोगशाळेत तीन वर्षांपासून धड तराजू नव्हता आणि वाचनालय दुपारी चारला बंद व्हायचे. प्राचार्यांनी आणि माजी विद्यार्थी संघाने मात्र विचारान्ती निष्कर्ष काढला की दोष हवेत आहे. हवेतला दोष काढायला प्रॉफेट न्यामेचेंना बोलावले गेले.

ते आले पांढऱ्या सुटात, बरोबर पांढऱ्या झग्यातल्या सहा बायका आणि पाण्याचे चार कॅन. सुरुवातीलाच म्हणाले, "मी शिकलेला माणूस नाही. प्रश्नपत्रिका दिलीत तर उलटी धरेन. पण प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न कोण घालतो? माझा बाप." बोट वर. "मग उत्तर कुणाला विचारायचं? पुस्तकाला, की बापाला?" सभागृह म्हणाले, बापाला. गेले आठ महिने लॉगॅरिदमची कोष्टके पाठ करणारा आमचा बोआडीसुद्धा म्हणाला.

संघात आम्ही तिघे. बोआडी, सर्वा आणि मी, दुफी. मी दोघांपेक्षा चार वर्षांनी मोठी. लग्न आणि बाळंतपण यांमुळे शिक्षण मागे पडले होते. माझा अडोम चार महिन्यांचा. सराव चाले तेव्हा तो माझ्या पाठीवर बांधलेला असे, त्यामुळे संघातली मुले मला नावाने हाक मारतच नसत. अडोमची आई म्हणत. नवरा टाकोराडीच्या बंदरावर कामाला, महिन्यातून एकदा घरी. घरात सासू आणि मी.

प्रॉफेटनी आम्हा तिघांना एकेक पांढरा रुमाल दिला. कोपऱ्यात ज्याचे त्याचे नाव बॉलपेनने लिहिलेले. तो कपाळावरून, तळव्यांवरून फिरवायचा आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पिळायचा. मनात अडथळा नसेल तर पाणी स्वच्छ राहील, असेल तर बोलेल. बोआडीने पिळला, पाणी स्वच्छ. सर्वाने पिळला, स्वच्छ. टाळ्या झाल्या, ढोल वाजला. मग माझी पाळी आली, आणि पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

"ही मुलगी उपास धरत नाही," प्रॉफेट म्हणाले. तीन दिवसांचा उपास सगळ्या संघाला सांगितला होता. पाजती बाई तीन दिवस उपाशी राहिली तर दूध कुठून येईल, असे मी विचारले होते. ते विचारणे त्यांच्यापर्यंत पोचलेले दिसले. "हिचं बाळ रात्री रडतं. का रडतं?"

चार महिन्यांचे कुठले बाळ रात्री रडत नाही? पण चारशे माणसांना तो साक्षात्कार वाटला. माझी सासू, मामे अचिया, दुसऱ्या रांगेत उभी होती. अडोम तिच्या पाठीवर कापडाने घट्ट बांधलेला. ती हळूच म्हणाली, "रडतं. खरंच रडतं, ओसोफो."

ओसोफो म्हणजे आमच्याकडे धर्मगुरू. हा शब्द तिच्या तोंडून इतक्या आदराने आला की मला कळले, हे आजचे बोलणे नाही. ती रविवारी त्यांच्या प्रार्थनेला जाऊन आली होती, आणि सुनेचे पुस्तक आणि नातवाचे रडणे दोन्ही तिथे सांगून आली होती.

निकाल लगेच लागला. बाळ तीन दिवस प्रॉफेटच्या प्रार्थना-छावणीत राहील. आईचे दूध बंद. सकाळ-संध्याकाळ या पाण्याचे तीन तीन चमचे. तीन दिवसांत बाळ शुद्ध होईल, तोवर कॉलेजही जिंकलेले असेल. मागच्या फाटकाशी गाडी उभी होती.

मी मागे वळले. दोन झगेवाल्या बाया माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या होत्या. हात लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. दारे लावलेली होती, कारण उघड्या दारातून आशीर्वाद बाहेर जातो म्हणे. अडोम जागा झाला होता आणि चोखण्यासाठी सासूच्या पाठीवर तोंड घासत होता. त्याच्या त्या हालचालीनेच मला पान्हा फुटला आणि ब्लाउज पुढून ओला झाला. झगेवालीने ते पाहिले आणि दुसरीला खूण केली. तेही पापच ठरले असावे.

खरे सांगायचे तर क्षणभर मलाही वाटले की माझ्यात काहीतरी आहे. मी त्याला पाजता पाजता आवर्तसारणी पाठ केली होती. तो रडत असताना एक गणित पुरे केले होते. कुठल्या आईच्या मनात असा एखादा कोपरा नसतो? हे लोक बरोबर तिथे बोट ठेवतात.

पण माझी बोटे एकमेकांवरून घसरत होती. मी ती पुन्हा चोळली. बुळबुळीत. सोड्यात कपडे भिजवल्यावर होतात तशी. चार महिने लंगोट धुणाऱ्या बाईला तो स्पर्श परका नसतो. रुमाल कोरडा होता, नवा होता, आणि त्यात धुण्याचा सोडा होता.

सोडा आला की रंगाचे कोडे सुटते. मी टांडो सरांकडे पाहिले. ते आमचे मार्गदर्शक, वीस वर्षे रसायनशास्त्र शिकवतात. पाणी लाल झाले तेव्हा त्यांच्या भुवया उडाल्या होत्या, मी पाहिले होते. आता ते बुटांकडे बघत होते. शेजारी प्राचार्य डोळे मिटून आमेन म्हणत होते आणि सरांच्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. सरांना ठाऊक होते. मला ठाऊक होते. आणि त्या पाण्यात जे मिसळलेले होते ते एके काळी जुलाबाचे औषध म्हणून विकले जाई, हेही आम्हा दोघांना ठाऊक होते.

अडोमला दुसऱ्या महिन्यात हगवण लागली होती. एका दिवसात त्याची टाळू खोल गेली होती. तेव्हापासून रोज सकाळी मी आधी त्याच्या टाळूवर बोट ठेवते, मग चूल पेटवते. हे पाणी तीन दिवस, वर दूध बंद. चौथ्या दिवशी बोट ठेवायला टाळू असेल की नाही?

सरळ बोलले असते तर? 'हे रसायन आहे' म्हटले असते तर? ते म्हणाले असते, बघा, भूत बोललं. त्यांच्या खेळात माझ्या प्रत्येक वाक्याला एकच अर्थ होता. गप्प राहिले तर कबुली, ओरडले तर झपाटलेली. मामे अचिया कापडाची गाठ सोडायला लागली होती, बाळ झगेवालीच्या हाती द्यायला.

"बोल," प्रॉफेट म्हणाले. "तुझ्या आत कोण आहे, नाव सांग. नाव आलं की सुटशील."

तेव्हा मला आमची शेवटची फेरी आठवली. प्रश्नमंजुषेची शेवटची फेरी कोड्यांची असते. एखादी वस्तू स्वतःविषयी बोलते, एकेक धागा देते, आणि पहिल्या धाग्यावर ओळखले तर सर्वांत जास्त गुण. आठ महिने दररोज दोन तास आम्ही हेच करत होतो. बोआडीची तर अशी गत झाली होती की जेवताना कुणी 'मी' म्हणून वाक्य सुरू केले तरी त्याचा हात घंटीकडे जायचा.

मी म्हणाले, "ओसोफो, माझ्या आतलं जे आहे ते सरळ नाव सांगत नाही. ते कोड्यात बोलतं."

प्रॉफेट खूश झाले. भुताने कोड्यात बोलावे, याहून चांगले काय? त्यांनी माईक माझ्या तोंडापुढे धरला.

"मी पांढरी पूड आहे," मी म्हणाले. आवाज कापत होता, तो बरा कापत होता. लोकांना भूत वाटले. "पाण्यात मी नीट विरघळत नाही, दारूत विरघळते."

बोआडीने मान वर केली.

"आंबट रसात मला रंग नसतो. साबण, राख, सोडा यांना भेटले की मी लाल—"

"फिनॉल्फ्थॅलिन," बोआडी म्हणाला.

आणि मागच्या रांगांतल्या आमच्या पाठीराख्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आठ महिन्यांची सवय. बोआडीने दुसऱ्या धाग्यावर ओळखले की टाळ्या वाजवायच्या. टाळ्या वाजल्या आणि मग एकेक करून विरल्या, कारण आपण कशाला टाळ्या वाजवल्या ते त्यांना उमगत गेले. बोआडी तोंडावर हात ठेवून उभा होता. तो श्रद्धाळू मुलगा. प्रॉफेटचे छायाचित्र त्याच्या वहीत होते. त्याला उत्तर द्यायचे नव्हते. उत्तर त्याच्या हातून निसटले होते.

"भुताचं नाव सापडलं," प्रॉफेट घाईने म्हणाले. "इंग्रजी भूत आहे. बाळ आणा."

"थांबा," बोआडी म्हणाला. तो माझ्यापाशी आला, मला वाटते माझ्याकडे न बघताच. "अडोमची आई, तुमचा रुमाल द्या."

झगेवाली पुढे झाली, पण तोवर तो रुमाल त्याच्या हातात होता. बाजूला आणखी दोन घमेली होती, त्याच कॅनच्या पाण्याने भरलेली, स्वच्छ. बोआडीने माझा रुमाल त्यांतल्या एकात पिळला. पाणी लाल झाले. मग स्वतःचा रुमाल मला दिला. मी तिसऱ्या घमेल्यात पिळला, माझ्या त्याच पापी हातांनी, आधी ते माझ्या कपड्यांना पुसून. पाणी जसेच्या तसे.

"म्हणजे भूत रुमालात आहे," सर्वा म्हणाली. ती कमी बोलते, पण बोलते तेव्हा नेमके.

कुणीतरी हसले. प्रॉफेट म्हणाले की भूत एका शरीरातून दुसऱ्या शरीरात उडी मारते, हे तर ग्रंथातच आहे. काही माना डोलल्या. मामे अचियाचा हात गाठीवरच होता. चारशे माणसांचे मला काही पडले नव्हते. मला ते दोन हात हवे होते.

मामे बाजारात संत्री विकते. पातळ साल काढून, वरून टोपी उडवून, शोषायला तयार. तिच्या पिशवीत संत्री नसतील असा दिवस नाही.

"मामे," मी म्हणाले, "तुमचं एक संत्रं या लाल पाण्यात पिळा. तुम्हीच. मी हात लावत नाही."

"संत्र्याचा इथे काय संबंध?"

"नसेल तर काही होणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती मला मूर्ख समजत नव्हती, कधीच समजत नव्हती. हुशार सुनेची तिला भीती वाटे, एवढेच. तिने पिशवीतून संत्रे काढले, घमेल्यावर धरले आणि रोज हजारदा पिळते तसे पिळले. मग दुसरे. तिसऱ्याला लाल रंग फिकट गुलाबी झाला आणि मग गेला. उरले संत्र्याचे पिवळट पाणी.

मामेने घमेल्यात पाहिले. मग प्रॉफेटकडे.

"ओसोफो," ती म्हणाली, "जे पाप माझ्या तीन संत्र्यांनी जातं, त्याला माझं नातवंड तीन दिवस कशाला?"

तेव्हा कुठे टांडो सर उठले. उशिरा उठले, पण उठले. पाण्यात काय मिसळले होते, रुमाल कशात भिजवून वाळवला होता, हे त्यांनी माईकवर दोन मिनिटांत सांगितले, आणि ते पाणी बाळाला पाजले असते तर काय झाले असते तेही. बोलताना त्यांनी प्राचार्यांकडे पाहिले नाही. रुमालावर नाव का लिहिले होते, हे लोकांना सांगावे लागले नाही. प्रॉफेटना अचानक दुसऱ्या गावचे बोलावणे आठवले. प्राचार्यांनी त्यांचे आभार मानले, कारण आभार छापील कार्यक्रमपत्रिकेत होते.

दुसऱ्या दिवशी कुमासीत आम्ही पहिली फेरी जिंकलो आणि उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरलो. गावात लगेच बोलले गेले की देवमाणसाचा अपमान भोवला. नाही. ट्रान्सफॉर्मरवरच्या एका गणितात मी वेटोळ्यांचे गुणोत्तर उलटे धरले. चूक माझी, ती मी दाखवू शकते, आणि पुढच्या वर्षी दुरुस्त करू शकते. भुताची चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून तर भुतावर ढकलणे सोपे जाते.

मामे अजून रविवारी प्रार्थनेला जाते. मी अडवत नाही. देवावर श्रद्धा ठेवायला घमेले लागत नाही, एवढे तिला आता पटले आहे.

हे मी लिहिते आहे ते माझ्यासारख्या आयांसाठी. आपल्याला पकडायला जादू लागत नाही. आपली भीती पुरते. कोणी म्हणेल, तुझ्यामुळे तुझं लेकरू रडतंय, आणि तुम्ही ते अर्धे मान्यच कराल, कारण रात्री तीनदा तुम्ही तेच स्वतःला म्हटलेले असते. तरीही बाळाच्या ओठांना काही लागण्याआधी विचारा, यात काय घातलंय? औषध देणारा उत्तर देतो. ज्याच्याकडे लपवण्यासारखे असते तो रागावतो. रागावला, की बाळ उचला आणि दार उघडा. आशीर्वाद बाहेर गेला तर जाऊ दे.