माझा चौथा प्रवेश

मी एक जुनं नाटकाचं पुस्तक आहे. पण मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही पुस्तक म्हणणार नाही. सहा पातळ तुकडे, आणि प्रत्येकाला ब्लाउजच्या अस्तराचं वेगळ्या रंगाचं कव्हर. माझं मूळ कव्हर कधीच गेलं आणि त्याच्याबरोबर नावही गेलं, तेव्हा ते विचारू नका.

पुण्यातल्या एका छापखान्यात मी जन्मलो. तिथून एका शाळेत आलो. एका स्नेहसंमेलनात माझं खूप कौतुक झालं, आणि मग कपाटाचं दार लागलं ते लागलंच. आत कसरीनं माझ्या समासात बारीक भोकं पाडली. एक दिवस कपाट रिकामं केलं, तेव्हा मला सुतळीनं बांधून रद्दीत दिलं. त्या गठ्ठ्यातून मला ओढून काढलं ते काटेवाडीच्या संभाजी आबांनी. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आबा दुपारी रिकामे असत आणि त्यांना मोठ्यानं वाचायची हौस होती.

गावातल्या दूध संकलन केंद्राची शेड दुपारी मोकळी असते. सकाळचं दूध गेलेलं असतं, संध्याकाळचं यायचं असतं. तिथं आबांनी माणसं जमवली. नाटक वाचायचं, प्रवेश संपला की चहा घ्यायचा आणि त्यावर बोलायचं. भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरायच्या, बाई-पुरुष काही बघायचं नाही. त्यामुळे पाइपांच्या दुकानाच्या दांडग्या विजयसिंहांना माझ्यातली मोलकरीण आली आणि मंडळातल्याच कौसल्याबाईंची सून सोनम हिला आला पाटील. माझ्या चौथ्या प्रवेशात हा पाटील पोटच्या मुलीला घराबाहेर काढतो. दोन पानं तो एकटाच बोलतो.

अडचण एवढीच, की प्रत एक आणि वाचणारे सात. मी एकाच्या घरी गेलो की बाकीचे सरावाविना राहायचे. वाचणाऱ्यांतल्या शमशादचाची शिवणकाम करतात. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"आबा, कापू का ह्याला?"

"अगं, पुस्तक हाय ते!"

"मग? अख्खं कापड कुणी अंगात घालतं व्हय?"

कात्री लागली तेव्हा मला वाईट वाटलं का? वाटलं असावं. आता नीट आठवत नाही. चाचींनी एकेक प्रवेश सोडवला, मशीनवर टीप मारली, उरलेल्या अस्तराची कव्हरं घातली. चौथा प्रवेश निळा झाला आणि सोनमच्या घरी राहू लागला. कपाटात मी एका जागी होतो. आता एकाच वेळी सहा घरांत राहायला लागलो.

मग सोनम बाळंतपणाला माहेरी, बावड्याला गेली. जाताना निळा तुकडा आबांच्या हाती देऊन गेली. "आबा, माझा पाटील संभाळा," एवढंच म्हणाली. तो वाचायला विजयसिंहांनी घेतला. त्यांनी पाटील असा काही गाजवला, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. एव्हाना इंदापूरच्या एका वाचनालयानं मंडळाला वाचनासाठी बोलावलंही होतं.

सोनम परत आली ती पाच महिन्यांचं बाळ घेऊनच शेडमध्ये बसली. तिची नजर निळ्या कव्हरावर होती.

"आबा, इंदापूरला पाटील मी वाचू?"

विजयसिंहांनी तुकडा मांडीवरच ठेवला. "सूनबाई, पाटील म्हंजे आवाज पायजे. तू वरडलीस की हे पोरगं उठंल. मग तू त्याला बघणार का पाटलाला?"

"आवाजाचं तुमी नका सांगू, विजयसिंहराव," कौसल्याबाई म्हणाल्या. "परवा तुमी हितं वाचत हुता आन् तिकडं आमच्या म्हशीनं पान्हा चोरला."

सगळे हसले. विजयसिंहही हसले, पण तुकडा सोडला नाही. शेवटी आबा म्हणाले, "एकदा वाचू दे की तिला."

मित्रांनो, मी कितीतरी आवाज ऐकलेत, पण असं वाचन कधी ऐकलं नव्हतं. बाळ तिच्या मांडीवर नुकतंच झोपलं होतं. एका हातानं ती त्याला थोपटत होती आणि दुसऱ्या हातात मी होतो. तिनं पाटलाचं सगळं बोलणं अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत वाचलं. 'ह्या उंबऱ्याच्या आत तुझं कुणी उरलं नाही', हे माझ्या पानावर उद्गारचिन्हासकट छापलंय. ते तिनं अंगाईसारखं म्हटलं. थोपटणं थांबलं नाही.

चहा निवत राहिला. मंडळात एक रीत आहे, की ज्यानं वाचलं त्यानं आधी बोलायचं नाही. म्हणून सोनम बाळाचं दुपटं सारखं करत बसली.

"माझा बा असाच बोलायचा," आबा म्हणाले. "वरडला तर आमी पळून जायचो. हळू बोलला की पाय जागचं हलायचं न्हायत."

"पर ही शेड हाय, आबा," विजयसिंह म्हणाले. "तितं इंदापूरला शेवटच्या रांगंपर्यंत काय जाणार?"

ते खोटं नव्हतं. मग आबांनी ठरवलं: इंदापूरला सोनमनं सुरुवात करायची. मागं ऐकू गेलं नाही, तर विजयसिंहांनी उठून तुकडा घ्यायचा आणि पुढं वाचायचं. सोनमनं मान हलवली. घरी जाताना तिनं मला बाळाच्या दुपट्यात गुंडाळून नेलं.

इंदापूरच्या सभागृहात दुपारी माणसं बरीच जमली होती. तीन प्रवेश माइकवर नीट पार पडले. चौथा सुरू व्हायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. पंखे थांबले, माइक मुका झाला. उकाड्यानं बाळ चुळबुळलं. सोनमनं त्याला छातीशी घेतलं, मला उघडलं आणि वाचू लागली. तिचा अंगठा माझ्या पानावर घामानं ओला झाला होता.

चार वाक्यं झाली असतील. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, आवाज! काय ऐकू यीना हितं!"

ती थांबली. बाळानं डोळे उघडले. तिनं श्वास घेतला, मला वाटलं आता मोठ्यानं वाचेल. तिनं श्वास सोडला, आणि ते वाक्य होतं त्याच आवाजात पुन्हा वाचलं.

मागं ऐकू जातं का ते बघायला शेवटच्या रांगेत बसलेले विजयसिंह उठले. मंडळातल्या सगळ्यांनी तिकडं पाहिलं. कौसल्याबाईंनी पदर तोंडाशी धरला. सोनमनं मान वर केली नाही, पण माझं पान बोटांत घट्ट धरलं. तिला वाटलं असणार, आता हात पुढं येईल आणि निळा तुकडा जाईल.

विजयसिंहांनी स्वतःची खुर्ची उचलली. फरफटत नाही आणली, डोक्यावर घेऊन आणली आणि सोनमच्या समोर, हातभर अंतरावर, अलगद ठेवून खुर्चीत बसले. मग ओरडणाऱ्याकडं वळून त्यांनी हातानंच 'या इकडं' अशी खूण केली. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण तोंडातून अक्षर काढलं नाही.

आधी तो ओरडणारा आला, मग त्याच्या शेजारचे. कुणी खुर्ची उचलून आणली, कुणी चपला हातात घेऊन फरशीवर येऊन बसलं. थोड्या वेळानं मागचं अर्धं सभागृह रिकामं होतं, आणि पुढं माणसांचं एक दाट कोंडाळं झालं होतं. त्याच्या मध्ये सोनम, बाळ आणि मी. तिनं पाटील शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्या मुलीला घराबाहेर काढलं, तेव्हा कोंडाळ्यातल्या एका म्हाताऱ्यानं "नको रं" म्हटलं, तेही हळूच.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या पुस्तकांनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. पानं दुमडू नका, असं मी म्हणणार नाही. कापायचं तर कापासुद्धा, फक्त चाचींसारखी टीप मारून द्या. माझं मागणं दुसरंच आहे. कुणी हळू वाचत असेल, तर बसल्या जागेवरून 'आवाज' म्हणून ओरडू नका. उठा, आपली खुर्ची उचला, आणि जवळ जाऊन बसा.