दुसऱ्या बाजूची पावरी

आम्ही उभ्या राहिलो होतो, हे मी कधीच नाकारलं नाही. हात जोडले होते, हेही नाही. जीवराम आबांनी सगळ्या बायकांदेखत मला विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं, आणि आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

आमची गल्ली धुळ्याच्या जुन्या भागातली. गल्लीच्या टोकाला रामाचं मंदिर, आणि मंदिरासमोर जरा तिरक्या अंगाला पानबाईंचा ओटा. पानबाई मारवाडी, घरची कापडाची पेढी. ओटा एवढा ऐसपैस की दहाबाराजणी पाय पसरून बसल्या तरी जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट राहायची. आषाढी एकादशीपासून आम्ही तिथे दुपारी वाती वळायला बसायचो. लाख वातींचं व्रत माझं होतं, पण हात सगळ्यांचे लागायचे. त्रिपुरी पौर्णिमेला त्या वाती रामापुढे लावायच्या, मग व्रत पुरं.

देवकापूस धुरपदाअक्का आणायच्या, शिंदखेड्याकडच्या त्यांच्या मळ्यातून. सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, बोटाला किंचित भस्म लावून वात वळायची. नियम एकच. वात हातात असताना तोंडात नाम हवं, गल्लीतल्या बातम्या नकोत. हा नियम सांगायला सोपा आहे. लताबाई आमच्यात सगळ्यांत लहान, तिच्या तोंडाला तर झाकणच नव्हतं. "रामराम, रामराम, काल कोपऱ्यावरच्या सूनबाई माहेरी गेल्या म्हणे, रामराम." असं तिचं नाम. शेवटी पानबाईंनीच घरातला टेपरेकॉर्डर ओट्यावर आणून ठेवला. म्हणाल्या, "भजन वाजू द्या. कान गुंतले की तोंड आपोआप बंद होतं."

भजनाची कॅसेट माझी. राखीला माझा भाऊ निंबा आला होता, त्याने आणलेली. निंबा पिंपळनेरच्या पुढे, डोंगरातल्या आश्रमशाळेत शिक्षक आहे. कॅसेटवर त्याने रेडिओवरची भजनं उतरवली होती. दुसऱ्या बाजूला काय आहे, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

श्रावणातल्या त्या दुपारी पहिली बाजू संपली आणि लताबाईने कॅसेट उलटी करून लावली. आधी नुसती खरखर. मग एक सूर आला. लांब, न तुटणारा, छातीत शिरणारा. आमच्या मंदिरात आरतीच्या आधी गुरुजी भोंग्यावर सनईची कॅसेट लावतात. तो पहिला सूर कानावर पडला की हातातलं टाकून उभं राहायचं, ही आमच्या गल्लीची बऱ्याच वर्षांची सवय. दुपारी तीनला कुठली आलीय आरती? पण अंगाला घड्याळ कळत नाही. आधी मी उठले. मग पानबाई. मग सगळ्याच. मांडीवरचा कापूस खाली सांडला. आम्ही हात जोडून, डोळे मिटून उभ्या.

आरती काही येईना. सूर मात्र वाढतच गेला, आणि त्याच्या खाली पावलांचा ठेका आला. पुष्कळ पावलांचा, मातीवरचा. मग पुरुषांचे आवाज. एकाने हाक घालावी, बाकीच्यांनी झेलावी.

मी एक डोळा उघडला. समोर लताबाईनेही एक डोळा उघडला होता.

"हाई कोनती आरती शे व माय?" धुरपदाअक्का हात जोडलेलेच ठेवून म्हणाल्या.

"आरती नाही अक्का," लताबाई हसू दाबत म्हणाली, "ही निंबाभाऊंची काहीतरी गंमत दिसते. बंद करू?"

"आन आते बसानं कसं? बठ्ठ्या उठनूत, हात जोडात. वाजू दे. कोना बी देव ऱ्हावो, तो बलाई राह्यना."

पानबाई म्हणाल्या, "खरंच, आता बसायचं कसं? कुणाचाही देव असो, बोलावतोय. राहू दे. बाजू संपेपर्यंत कुणी बसायचं नाही." आणि आम्ही बसलो नाही. हात कधी सुटले ते कळलं नाही. लताबाईची टाच ठेका धरत होती, आणि अक्का, ज्यांचे गुडघे उठता-बसता कुरकुरतात, त्या जागच्या जागी डुलत होत्या. बाजू संपली तेव्हा आम्ही सांडलेला कापूस वेचायला बसलो.

दुसऱ्या दिवशी भजनं लावली. अर्ध्यातच अक्का म्हणाल्या, "ती लाव ना व. काल्हनी."

असं सुरू झालं. त्या ठेक्यावर वाती इतक्या सरळ आणि सारख्या वळल्या जायच्या की पानबाई एकेक वात उजेडात धरून बघायच्या. आणि तोंडं बंद. भजनाने जे झालं नव्हतं ते त्या सुराने केलं.

पोळ्याला निंबा आला तेव्हा मी त्याला धरलं. "हे काय दिलंस मला?"

तो आधी घाबरला. "ताई, ती बाजू पुसायची राहून गेली. रागावलीस?"

"मी विचारते ते सांग."

मग त्याने सांगितलं. मार्गशीर्षात तिकडच्या डोंगरातली माणसं डोंगऱ्यादेवाचं व्रत धरतात. अनवाणी राहतात, एकदाच जेवतात, घर सोडून गावोगाव देवाचा फेर धरत हिंडतात, आणि शेवटी डोंगरावर देवाच्या ठिकाणी जाऊन नवस फेडतात. जे वाजतं ती पावरी. भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे शिंगासारखं तोंड. वाजवणाराही त्या दिवसांत व्रताचाच. निंबाच्या शाळेच्या अंगणात फेर आला तेव्हा त्याने त्यांना विचारूनच टेप केलं होतं.

"तो वाजवणारा मला म्हणाला, मास्तर, तुमच्या गावाला ऐकवा," निंबा म्हणाला. "मी कुणाला ऐकवणार होतो? शाळेतल्या आमच्या लोकांना ते जंगली वाटतं."

मी रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही. चातुर्मासात एक वेळ जेवते, पायात चप्पल घालत नाही. हे मोठेपणाने सांगत नाही, सवय आहे. पण निंबाचं ऐकताना मला वाटलं, हे तर आपलेच लोक. ज्यांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत, ते अनवाणी चाललेत आणि मीही. त्यांचा आवाज मी ओळखला नाही, माझ्या पायांनी ओळखला.

मग मी ती कॅसेट लपवली नाही. उलट ऐकवत सुटले. शेजारच्या गल्लीतल्या बायका दुपारी ओट्यावर यायच्या, "ती उभं राहायची कॅसेट लावा," म्हणायच्या. पानबाईंच्या पुतण्याकडे दोन कॅसेटचा टेप होता, त्यावर तिच्या प्रती निघाल्या. एक लताबाईच्या माहेरी जळगावला गेली, केळीच्या वेफर्सच्या पिशवीत. तिच्या बहिणीने निरोप पाठवला की नवऱ्याचा विरोध आहे, म्हणून ते दुकानात गेले की लावते, आणि शेजारणी पोळपाट-लाटणं घेऊन तिच्याच स्वयंपाकघरात येतात. एक प्रत शिरपूरला गेली. तिथून पुढे कुठे गेली, रामाला ठाऊक.

नवरात्र संपलं आणि जीवराम आबा ओट्यावर आले. आबा मंदिराचे पंच. माणूस वाईट नाही. मंदिराचा कळस त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून चढवून घेतला होता. पण मंदिर आपण राखतो म्हणून देवाची आवडनिवडही आपल्यालाच कळते, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

"कुंदाबाई," ते उभ्यानेच म्हणाले, "वाती रामाच्या, आणि वाजप डोंगरातलं?"

"व्रताचंच आहे, आबा. त्यांच्या देवाच्या व्रताचं."

"त्यांच्या देवाचं त्यांच्या डोंगरात. मी ऐकलं, तुम्ही त्याला हात जोडून उभ्या राहिल्या. खरं का?"

"खरं."

"चुकून ना?"

लताबाई माझ्याकडे बघत होती. हो म्हणावं, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. चुकून उभ्या राहिलो, आबा. की मिटलं.

"उठले चुकून," मी म्हणाले. "उभी राहिले ती मनाने."

आबांचा चेहरा उतरला. मग कडक झाला. "मग ऐका. या वाती अशा गाभाऱ्यात जायच्या नाहीत. पौर्णिमेला मी दारात गोमूत्र घेऊन बसेन. टोपल्यांवर शिंपडायचं, चुकलं म्हणायचं, आणि खुशाल आत जायचं. नाहीतर परत न्या."

ते गेल्यावर ओट्यावर गलका झाला. कापूस नवा आणू, पुन्हा वळू, असं कुणी म्हणालं. आता दिवस कुठे उरलेत, असं कुणी. दोघीतिघी टोपली ठेवून उठून गेल्या त्या पुन्हा आल्याच नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. घरी सासरे, दीर, सगळ्यांना तोंड द्यायचं असतं.

घरी हे पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिंपडू दे की थोडं. तेवढ्याने काही कापूस भिजत नाही. तुझं व्रत तर पुरं होईल."

"कापूस नाही भिजत," मी म्हणाले. "पण तो बाटला होता हे माझ्या तोंडून कबूल होतं."

"मग व्रत मोडू देणार?"

रामापुढे लावायच्या वाती रामापुढे लागल्या नाहीत, तर चार महिन्यांचं सगळं फुकट. मी देवाला शब्द दिला होता. आबांना नाही, देवाला. त्या संध्याकाळी दर्शनाला गेले, तेव्हा हात जोडून उभी राहिले आणि काही मागितलं नाही. नुसतं बघत राहिले. मूर्तीच्या डोळ्यांची रेघ थेट बाहेर येते. सभामंडपातून, उंबऱ्यावरून, पायरीवरून खाली रस्त्यावर. आरतीला दार बंद करता येत नाही. मी हसले. गुरुजींनी विचारलं, "काय झालं, काकू?" म्हटलं, "काही नाही, जागा सापडली."

त्रिपुरी पौर्णिमेला दिवस मावळताना आबा खरंच दारात बसले होते. बसायला पाट, पाटाशी तांब्या, तांब्यात दर्भ. सभामंडप माणसांनी भरलेला. आम्ही टोपल्या डोक्यावर घेऊन आलो आणि पायरीशीच थांबलो.

"या," आबा म्हणाले. आवाज मऊ होता. आम्ही वाकलो, असं त्यांना वाटलं असणार.

मी टोपली रस्त्यावर ठेवली. पानबाईंच्या घरच्या पराती, लताबाईच्या पणत्या, अक्कांचं तुपाचं भांडं, सगळं रस्त्यावर उतरलं. गाभाऱ्यातून जी रेघ येते तिच्यावर, पायरीपासून ओट्याजवळपर्यंत, आम्ही वाती लावत गेलो. परातींत वातींच्या जुड्या, मधून पणत्या. सायकलवाले उतरून कडेकडेने जाऊ लागले. आतली माणसं माना वळवून बघायला लागली, कारण देवाच्या तोंडावर उजेड बाहेरून पडत होता.

"हे काय चाललंय?" आबा पाटावरूनच ओरडले.

"वाती रामापुढेच आहेत, आबा," मी म्हणाले. माझा आवाज लहान आहे, मोठा करता येत नाही. "त्याला विचारा दिसतात का."

गुरुजी घड्याळ बघत सनई लावायला उठत होते. मी पानबाईंकडे पाहिलं. टेपरेकॉर्डर ओट्याच्या कडेला, नवे सेल घातलेला, आवाज पुरता वाढवलेला. मी तिथे गेले आणि बटण दाबलं, मुद्दाम. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वातींच्या उजेडात. लपून काही नाही.

तो लांब सूर निघाला.

आणि सभामंडप उठला. बायका उठल्या, म्हातारे खांबाला धरून उठले, पोरांना दंडाला धरून उभं केलं गेलं. सगळ्यांनी हात जोडले. पाटावरून आबाही उठले. गडबडीत तांब्याला पाय लागला आणि गोमूत्र पायऱ्यांवरून खाली वाहत आलं. आबांचे डोळे मिटलेले, हात छातीशी.

मग पावलं वाजायला लागली. आबांनी डोळे उघडले.

मग धुरपदाअक्कांनी वातीवर तूप सोडता सोडता, वर न बघता विचारलं, "आते बसानं कसं, आबा?"

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा मंडप. आबा मात्र बसले. पाटावर, ओल्या पाटावर, सगळ्यांच्या मध्ये, एकटे. "बंद करा ते," म्हणाले. बाकी कुणी बसलं नाही. गुरुजींनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या वातींकडे, आणि आरतीचं ताट उचललं. सनई त्यांनी लावलीच नाही. घंटा त्या ठेक्यावर आधी चुकत, मग बरोबर पडायला लागली.

आरती झाली. कॅसेटची बाजू संपली, बटण खटकन वर आलं. वाती अजून निम्म्याही जळल्या नव्हत्या.

"झालं ना मनासारखं?" आबा पायरीवर येऊन म्हणाले. "आता तरी उचला."

"वाती जळतायत, आबा," मी म्हणाले. "व्रत अजून पुरं व्हायचंय."

आणि ओट्याशी जाऊन कॅसेट पुन्हा सुरुवातीला नेली.