जनकाबाईची पंचगिरी

मला पंच काहून नेमलं, ते आदी ऐका. डोंगरकडा गावच्या स्टँडापाशी दस्तगीरचं सायकलचं दुकान, अन् त्याला लागून माहं घर. एकदा माही शेळी त्याच्या दुकानातली नवी सीट खाऊन बसली. तवापासून आमचं रोज सकाळी भांडन. त्यानं शेळीला शिव्या द्यायच्या, मी त्याच्या खानदानाला. शेजाऱ्यांना घड्याळ लागत न्हवतं.

मंग मोतीबिंदूनं माहे डोळे गेले. भांडन काई गेलं न्हाई. भांडायला डोळे कशाला लागतात?

नात झाली, करुणा. माहं बोट धरून चालाय लागली, पन तिचं तोंड मी पाहिलं न्हवतं. लोक म्हनायचे, पोरगी बराबर तुमच्या सासूवानी हाय. असं कसं? त्या बाईनं मला उभा जन्म छळलं! म्हनलं, मरायच्या आदी एकदा हे तोंड पाहायचंच.

त्या साली हिंगोलीला डोळ्याचं शिबीर लागलं. आपरेशन फुकट, पन डोळ्यात बसवायचं भिंग इकत. गावात आमी मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्या चार-पाच, त्यात दस्तगीरची माय अमिनाबी बी. पैसा कुठून आनावा? तवा किरानावाला वसराम चारचौघात म्हनला, "दस्तगीर, लई बढाया मारतूस. उद्या दिवस उगवल्यापासून परवा दिवस बुडेस्तोवर पाय न टेकवता सायकल चालवून दाव. सगळी भिंगं माझ्याकडून. पाय टेकला की खेळ खलास!"

आता पंच कोन? दस्तगीरचा दोस्त नको, वसरामचं गिऱ्हाईक नको. वसरामच म्हनला, "जनकाबाई! ती काई दस्तगीरला सूट देनार न्हाई." सगळ्यांनी व्हय व्हय केलं. मला दिसत न्हाई, अन् भिंग माह्याच डोळ्यात जायचं हाय, हे एका बी शहान्याच्या ध्यानात आलं न्हाई. मी कशाला सांगू? फुकटचा मान मिळून राहिला होता.

लिंबाच्या झाडाभवती दस्तगीर फिरायला लागला. सायकलवर चहा, सायकलवर भाकर. आंघोळ बी सायकलवर. पोरं पळत पळत बादल्या वतायची. दर फेऱ्याला घंटी वाजवायची, म्हंजे पंचाला कळावं.

दुसऱ्या दिशी दुपारी ऊन तापलं. लोक जेवायला गेले, वसराम दुकानात गूळ तोलून राहिला. झाडाखाली मी एकटी. घंटी आता कन्हत होती. एवढ्यात माह्या शेळीनं दावं तोडलं अन् थेट चाकासमोर! ब्रेक करकरला, शेळी वरडली, अन् दस्तगीरची चप्पल फरकन मातीत घासली.

पाय टेकला.

शेळी माह्यापाशी येऊन थरथरत उभी राहिली. सगळी चाचपली. साधा वरखडा न्हाई. मेल्यानं तिला चाकाखाली घातली असती तर खेळ बी जिकला असता, अन् रोजची तकलीफ बी गेली असती. पन त्यानं ब्रेक दाबला.

"काय झालं? टेकला का पाय?" वसराम पळत आला.

"शेठ, माहा पाय..." दस्तगीर खरं बोलाय लागला.

"गप मुडद्या!" मी वरडले. "पंच मी का तू? हान सायकल!"

घंटी पुन्हा वाजली.

वसराम म्हनला, "मावशी, खरं सांगा. पाय टेकला का?"

"मला तर काई दिसलं न्हाई बाबा."

 वसराम कपाळावर हात मारून इतका हसला, इतका हसला! "मीच नेमली हिला!" पन गडी शब्दाचा पक्का. दिवस बुडेस्तोवर घंटी वाजली, अन् भिंगं त्यानंच आनली.

डोळ्याची पट्टी सुटली तवा दस्तगीर समोर उभा होता, कडेवर करुणा. पोरीचं तोंड पाहिलं. सासूच होती, नाकासकट! अन् मी त्याच तोंडाचे मुके घेत रडत बसले. मंग दस्तगीरकडं पाहिलं. डोक्यात एक काळा केस न्हवता.

"तू म्हातारा कवा झालास रे?"

"तुमच्याशी भांडता भांडता," तो म्हनला.

घरी आले अन् दुसऱ्याच सकाळी त्याची बोंब. "मावशी! तुमच्या शेळीनं पुन्हा सीट खाल्ली! या, पाहा!"

मी दारातच उभी होते. शेळीच्या तोंडात रेक्झिनचा तुकडा लखलख चमकून राहिला होता.

म्हनलं, "मला काई दिसलं न्हाई."