पाचव्या मजल्याची ओवी

वैजयंता लोंढेचे वडील, आबा, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे राहत. ती सहावीत असताना ते दही आणायला खाली गेले, वर येताना लिफ्ट थांबली, आणि तेव्हापासून ते तिथेच होते. पाचव्या मजल्यावरच्या दाराखाली हाताएवढी फट राहिली होती. आईने त्या फटीतून आधी दही मागून घेतलं, मग रडली. पुढे दोन्ही वेळची भाकरी ती तिथूनच आत सरकवायची.

"तुमचे मालक अजून लिफ्टमधेच का हो?" जिना चढताना शेजारीण विचारी.

"असू देत. तुमच्यासारखं शोधायला तर जावं लागत नाही," आई म्हणे.

लिफ्ट हलवायची तर गच्चीवरच्या मशीनरूममधला ब्रेकचा दांडा उचलायचा. पण परवाना नसलेल्या हाताला तो लागत नसे. धुरातून जावा तसा हात आरपार जाई. इमारतीचे जुने लिफ्टवाले बाबालालचाचा, त्यांचा परवाना म्हातारपणी तळहातावरून पुसला गेला होता. त्यांनीच वैजयंताला काम शिकवलं. दोर, ग्रीस, दारांची कुलपं. आणि पलीकडचं वजन, लिफ्ट वर निघाली की खाली येणारं. या इमारतीत ते लोखंडाचं नव्हतं. गावाकडून राहायला आलेल्या बायकांनी घरात जागा नाही म्हणून आपापली दळायची जाती दिली होती, ती एकावर एक रचून वजन केलेलं. आईचं जातं सगळ्यांत वर होतं. ते दिल्यापासून तिने ओवी म्हटली नव्हती.

परवान्याच्या परीक्षेला वैजयंताच्या पुढे दोघे होते. साहेबांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. "ब्रेक सोडला. लिफ्ट कुठं जाईल?"

"खाली," पहिला म्हणाला, आणि खुर्चीसकट खाली गेला. फरशी पुन्हा मिटली. दुसराही तसाच गेला, जाताजाता नमस्कार करून.

वैजयंता म्हणाली, "आत कोण आहे त्यावर आहे, साहेब."

"कोण आहे?"

"माझे वडील."

"वजन?"

तिने आईचा तवा आठवला. "पूर्वी दोन भाकरी खायचे. मग एक. आता चतकोरही संपत नाही."

"मग?"

"वर," ती म्हणाली. इतकी वर्षं ती आबा पडतील म्हणून भीत आली होती.

साहेबांनी तिच्या तळहातावर शिक्का उमटवला. "पाचव्याला उतरवून घ्या. त्याच्या वर हा परवाना चालत नाही."

"त्याच्या वर आमच्यात मजलाच नाही."

"तेच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी आई पाचव्या मजल्यावर दार उघडून उभी राहिली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात ओवाळून टाकायला भाकरतुकडा. वैजयंता वर मशीनरूममध्ये. दोरावर चाचांच्या पिवळ्या रंगाची खूण होती. ती चाकापाशी आली की लिफ्ट पाचव्याला लागली.

"खूण बघ. नाहीच दिसली तर आई 'आले' म्हणून हाक देईल," चाचा म्हणाले. "की दांडा सोड, बेटा. विचार करत बसू नको."

तिने हात घातला. दांडा होता. पहाटेच्या हंड्यासारखा गार. तिने तो उचलला आणि चाक फिरलं.

अर्धा मजलाच होता, पण इतक्या वर्षांत तो वाढला होता. दोर सरत राहिला. पलीकडे जाती उतरू लागली आणि उतरता उतरता फिरू लागली. एकातही दाणा नव्हता, तरी पीठ पडू लागलं, आणि दगडांतून बायकांचे आवाज निघाले, झोपेतून उठल्यासारखे जाड.

पयली माझी ओवी, पाचव्या मजल्याला
हळू सोड गं लेकी, बाप हलका झाला

चाचांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली.

"वैजू, तूच का गं?" फरशीतल्या दोराच्या भोकातून आबांचा आवाज आला, होता त्याहून जवळून.

"हो, आबा."

"हळू घे. पाय टेकेनात माझे."

पीठ शाफ्टभर वर चढलं. दोर पांढरा झाला, खूण पांढरी झाली, शिक्क्याचा हातही पांढरा झाला. वैजयंता भोकाशी वाकली. "आई, हाक दे."

पण नेमकं तेव्हाच आईच्या जात्याचा सूर खालून तिच्या दारापर्यंत चढला होता. आईने तो ओळखला. तिने तांब्या खाली ठेवला, उंबऱ्यावर बसली आणि दगडाच्या सुरात सूर लावून नवी ओवी उचलली.

दुसरी माझी ओवी, दारी आलेल्या धन्याला

ओवी अर्ध्यात सोडत नाहीत. वैजयंता दांडा तसाच उचलून धरून दुसऱ्या ओळीची वाट बघत राहिली, चाक फिरत राहिलं, आणि तिच्या पायाखालून भाकरीचा वास वर येत होता.