अकरा चाली

एकनाथरावांचं ऑपरेशन मंगळवारी ठरलं, आणि त्यांच्या मुलीने, त्रिवेणीने, शुक्रवारी संध्याकाळीच ऑफिसातल्या अमेयकडून रेकॉर्डिंगचा मिक्सर आणि माइक मागून आणला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठ स्वरयंत्रावर होती आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. जीव वाचेल, खाणंपिणं हळूहळू सुरू होईल, आवाज मात्र राहणार नाही. तोवर शक्य तितकं कमी बोला, असं त्यांनी सांगितलं.

एकनाथरावांनी काचीगुड्याजवळच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलं होतं. दर स्नेहसंमेलनाला ते स्वतः गाणी लिहायचे, चाली लावायचे. मुलं घरात मराठी आणि गल्लीत उर्दू-तेलुगू बोलणारी. त्यांच्या जिभेवर रुळतील अशीच ती गाणी होती. त्यातली अकरा त्यांना टिकवण्याजोगी वाटत. शब्द वहीत होते, पण चाली कधी कुठे लिहिलेल्या नव्हत्या. मुलं मिळेनात म्हणून शाळेचे मराठी वर्ग तीन वर्षांपूर्वी बंद झाले, आणि आता ती गाणी पूर्ण येणारं माणूस एकच उरलं होतं.

त्रिवेणी एकतीस वर्षांची होती. कुकटपल्लीच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. प्रोग्राममधल्या तारखा सुधारण्याची दोन हजार सालाची धांदल उरकल्यावर कंपनीने आपले जुने कॉम्प्युटर कर्मचाऱ्यांना देऊन टाकले, त्यातला एक तिने घरी आणला होता. कॉम्प्युटर तिला कळत होता. आवाजाचं काम मात्र तिने कधी केलेलं नव्हतं.

शनिवारी तिने सगळं मांडलं. कॉम्प्युटर हॉलमध्ये होता, पण त्याचा पंखा घरघर करायचा. म्हणून माइक आणि मिक्सर तिने आतल्या खोलीत ठेवले, आणि तिथून लांब वायर दाराखालून हॉलपर्यंत ओढली. माइकसमोर चारदोन शब्द बोलून पाहिले. छतावरचा पंखा चालू होता, छोट्या स्पीकरमधून आवाज आला, तिला बरं वाटलं आणि ती उठली.

रविवारी सकाळी सात वाजता तिच्या आईने, सावित्रीबाईंनी, पेटी पुढे घेतली. एकनाथरावांचा गळा सकाळी दहापर्यंतच साथ द्यायचा. त्यानंतर आवाज फुटायला लागायचा. ते डोळे मिटून पहिलं गाणं गायले. शेवटच्या ओळीला किंचित खोकले, पण गाणं पूर्ण झालं. त्रिवेणीने हॉलमध्ये जाऊन कानाला हेडफोन लावले.

गाण्याच्या खाली एक घुमणारा आवाज होता. काल पंख्याच्या आवाजात तो तिला कळलाच नव्हता. ट्रान्सफॉर्मरच्या खांबाखाली उभं राहिल्यावर ऐकू येतो तसा. वडलांचा आवाज बारीक झालेला, आणि तो घुमणारा आवाज जाडजूड. हळू म्हटलेल्या ओळी तर त्यात बुडूनच गेल्या होत्या.

ती आत आली. एकनाथराव वही उलटून पुढचं गाणं काढून बसले होते.

"अण्णा, थांबा जरा. वायर सैल आहे कुठंतरी."

"मग म्हणतो ना परत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तू ऐकून बघ."

"नको. तुम्ही काहीच बोलू नका. मी बोलावते."

एक आख्खं गाणं वाया गेलं, हे तिने त्यांना सांगितलं नाही.

मग तिने सुचेल ते करून पाहिलं. फ्रीज बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, घरातले सगळे पंखे बंद केले. दरवेळी आत जाऊन माइकसमोर स्वतः आकडे म्हणायचे, बाहेर येऊन ऐकायचं. घुमणं तसंच. वायर बदलली, मिक्सरची बटणं खालीवर केली. घड्याळात सव्वाआठ झाले होते.

अमेय रविवारी पुण्याला त्याच्या घरी असणार होता. तिने एसटीडी लावला. त्याच्या आईने त्याला झोपेतून उठवलं.

"हे बघ, एकेक काढत जा," अमेय म्हणाला. "हेडफोन थेट मिक्सरला लाव. तिथे येतो का आवाज?"

ती धावत जाऊन आली. "नाही. तिथे स्वच्छ आहे."

"आता कॉम्प्युटरकडे जाणारी वायर मिक्सरमधून काढ, आणि कॉम्प्युटरवर ऐक."

"तिथेही नाही," ती परत येऊन म्हणाली. "दोन्ही जोडले की मग येतो."

"मग मिक्सर चांगला आहे आणि कॉम्प्युटरही. दोघांना लाइट वेगवेगळ्या पॉईंटवरून दिलीयस ना? दोघांचं अर्थिंग वेगळं पडतंय. दोन्ही एकाच पॉईंटवर घे, जाईल."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हॉलमधल्या पॉईंटपासून आतल्या खोलीपर्यंत पोचेल एवढं लांब एक्स्टेन्शन घरात नव्हतं. रविवार होता. जवळच्या अंबरपेठेतली इलेक्ट्रिकची दुकानं उघडली तरी अकराच्या आत उघडणार नव्हती. नऊ वाजायला आले होते. उद्या दुपारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

ऑफिसात कोणीतरी एकदा सांगितलेलं तिला आठवलं, की असा आवाज येत असला तर एका प्लगची अर्थची वायर सोडून द्यायची. तिने कॉम्प्युटरचा प्लग काढला, स्क्रू फिरवून हिरवी वायर बाजूला केली आणि प्लग परत बसवला. हेडफोन लावले. घुमणं गेलं होतं. इतकी शांतता होती, की आतल्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक तिला हेडफोनमध्ये ऐकू आली.

"या, अण्णा. झालं नीट," ती म्हणाली.

एकनाथराव सरसावून बसले. गाताना तोंड माइकच्या अगदी जवळ न्यायची त्यांना शाळेपासूनची सवय होती. ओठ जाळीला लागले आणि त्यांनी मान झटकन मागे घेतली. हात तोंडावर गेला. पेटीचा सूर थांबला.

"काय झालं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"मुंग्या आल्या," ते ओठ चोळत म्हणाले. "करंट आहे त्यात."

त्रिवेणीने मिक्सरच्या कडेला बोट लावलं. बोटाला बारीक थरथर जाणवली. तिने पळत जाऊन हॉलमधलं बटण बंद केलं. भिंतीला टेकून ती तिथेच उभी राहिली.

सावित्रीबाई तिच्या मागोमाग आल्या. त्या ओरडल्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, "बास कर आता. परवा त्यांचा गळा कापणार आहेत, आणि आज तू त्यांना शॉक देतेस."

"आई, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते नको सांगू. मला ती गाणी नसली तरी चालतील. माणूस पाहिजे."

आई म्हणत होती ते खरंच होतं. आत एकनाथराव वही मांडीवर ठेवून बसले होते, आणि त्यांनी ती अजून मिटली नव्हती. ते तिला दारातून दिसलं.

"मी अप्पारावांना बोलावते," ती म्हणाली. "त्यांनी नाही म्हटलं, तर मी सगळं उचलून ठेवीन."

अप्पाराव मागच्या गल्लीत राहायचे. लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर लावण्याचा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा होता. त्रिवेणी गेली तेव्हा ते अंगणात दात घासत होते. तिने सगळं सांगितलं, हिरवी वायर सोडल्याचंही. त्यांनी चूळ भरली आणि पंचा खांद्यावर टाकला.

"अर्थ किसने निकाला? तुम?"

"हौ."

"पढेलिखे लोगां ऐसाच करते," एवढंच म्हणून ते निघाले.

त्यांनी येताना होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब आणला होता, त्याला दोन उघड्या वायरी होत्या. हॉलमधल्या पॉईंटला एक वायर करंटच्या नि दुसरी अर्थच्या भोकात लावल्यावर बल्ब लख्ख पेटला. आतल्या खोलीत तोच बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसला.

"देखो अम्मा. अंदर का अर्थ नाम को है," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या मोडक्या मराठीत सावित्रीबाईंना सांगू लागले, "जुनी वायर, आतून सडली. कॉम्प्युटरचा करंट थोडा थोडा गळते. त्याला जमिनीत जायला रस्ता पायजे. पोरीने इकडचा रस्ता बंद केला, तिकडचा खराब. तर मग तो माइकमध्ये बसला."

"आणि तुम्ही केल्यावर बसणार नाही कशावरून?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"मी हात लावून दाखवते ना," अप्पाराव म्हणाले.

त्यांनी आधी हिरवी वायर जागच्या जागी घट्ट केली. मग घरी जाऊन मांडवातलं जाड केबलचं एक्स्टेन्शन आणलं, हॉलच्या चांगल्या पॉईंटवरून आतल्या खोलीपर्यंत सोडलं, आणि कॉम्प्युटर नि मिक्सर दोन्ही त्या एकाच पॉईंटवर घेतले. परत बल्ब लावून पाहिला. मग मिक्सरवर तळहात ठेवला, माइक मुठीत धरला.

"कुछ नै," ते म्हणाले.

एकनाथराव मात्र माइकपासून हातभर लांबच बसले. त्रिवेणीने माइक जवळ सरकवला तशी त्यांची मान आपोआप मागे गेली. तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसली आणि स्वतःचे ओठ जाळीला टेकवले. आकडे म्हणण्याऐवजी तिने त्यांच्याच दुसऱ्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. चौदाव्या वर्षी त्यांच्याकडे गाणं शिकणं सोडल्यावर ती त्यांच्यासमोर गायली नव्हती. स्वर हलला.

एकनाथरावांनी भुवया वर केल्या. "खाली लागतोय," ते म्हणाले, आणि पुढे सरकून बसले.

दहाला दहा मिनिटं कमी होती. अप्पाराव हॉलमध्ये हेडफोन लावून बसले आणि प्रत्येक गाणं झालं की दारात येऊन मान डोलवायचे. त्रिवेणी गाणं साठवून, परत उघडून, शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पुढचं घेऊ देत नव्हती. एकनाथरावांना तो उशीर खुपत होता. ते बोटांनी मांडीवर ताल धरून बसायचे. मध्ये मध्ये कोमट पाणी घ्यायचे. दहानंतर आवाज जड होत गेला, तरी साडेअकरापर्यंत सहा गाणी झाली. सातवं म्हणताना आवाज चिरकला, तरी त्यांनी ते पुरं केलं. सावित्रीबाईंनी पेटीचा भाता बंद केला. आता कोणी कितीही म्हटलं तरी त्या उघडणार नव्हत्या.

सोमवारी सकाळी ते सहाला तयार होऊन बसले. पहिलं गाणं वाया गेल्याचं त्रिवेणीने आता सांगून टाकलं. आधी ते, मग आणखी दोन, अशी दहा झाली. अकरावं सगळ्यात अवघड होतं. अंतऱ्यात स्वर वर जायचा आणि तिथेच थांबून वळसे घ्यायचा. पहिल्या वेळी स्वर पोचलाच नाही. दुसऱ्या वेळी पोचला आणि तुटला. तिसऱ्या वेळी नुसती हवा आली.

त्रिवेणीला 'पुरे' म्हणायचं होतं आणि 'आणखी एकदा' असंही म्हणायचं होतं. तिने कोमट पाण्याचा पेला पुढे केला.

एकनाथरावांनी चौथ्यांदा श्वास घेतला, सोडला, आणि वही मिटली. "दहा झाली," ते कुजबुजले. "चल, बॅग भरू."

मंगळवारचं ऑपरेशन साडेपाच तास चाललं. डॉक्टर बाहेर येईपर्यंत सावित्रीबाई आणि त्रिवेणी बाकावर हात धरून बसल्या होत्या. सगळं ठीक झालं होतं. अठरा दिवसांनी ते घरी आले. गळ्याशी एक भोक, त्यावर पातळ फडकं, आणि हातात पाटी.

पहिले काही आठवडे त्यांनी गाणी ऐकायला नकार दिला. त्रिवेणीने कॉम्प्युटर सुरू केला की ते उठून गॅलरीत जायचे. तिला वाटलं, आपण हे करायलाच नको होतं. आई 'बास कर' म्हणाली तेव्हाच सगळं उचलून ठेवायला हवं होतं. सावित्रीबाई मात्र एकदा म्हणाल्या, "त्यांना वेळ लागेल. तू पुसून टाकू नको म्हणजे झालं."

मे महिन्यात एका रविवारी ते आपणहून हॉलमध्ये येऊन बसले आणि हेडफोन मागितले. दहाही गाणी ऐकली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'अकरावं?'

"ते झालंच नाही, अण्णा."

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'तू म्हण.'

चार रविवार गेले. चाल तिला अर्धीमुर्धी आठवत होती. उरलेली ते शिकवत होते. सावित्रीबाई पेटीवर एकेक स्वर काढायच्या, योग्य स्वर आला की ते बोट उचलायचे, नाहीतर मान हलवायचे. वळसे ते हवेत हाताने काढून दाखवायचे. ती चुकली की त्यांना ओरडता येत नसे, म्हणून ते जमिनीवर पाटी आपटायचे. त्या आपटण्यासरशी ती लहानपणीसारखीच ओळ पहिल्यापासून धरायची.

पाचव्या रविवारी गाणं रेकॉर्ड झालं. अप्पारावांचं एक्स्टेन्शन अजून इथेच होतं. त्यांनी ते परत मागितलं नव्हतं. एकनाथरावांनी हेडफोन लावून गाणं दोनदा ऐकलं. त्रिवेणी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

त्यांनी पाटी ओढली. 'तिसरी ओळ घाईत.'

ती आत गेली आणि माइकसमोर बसली.