खड्ड्याच्या उतारावरची विहीर

अक्षताच्या देखरेखीखाली झालेला तो पहिलाच खड्डा. वाटूरजवळच्या माळावर, कारखान्यांची राख आणि गाळ पुरण्यासाठी. तळाशी काळ्या मातीचे थर भिजवून, रोलरनं दाबायचे, त्यावर जाड प्लास्टिक अंथरायचं, मगच कचरा टाकायचा. ओली, घट्ट दाबलेली काळी माती पाणी सहसा खाली उतरू देत नाही. प्लास्टिक कधी ना कधी फाटतंच, म्हणून सगळी भिस्त तिच्यावरच.

थर चांगला बसला. पण प्लास्टिकच्या गाड्या लांबल्या आणि माती ऐन चैत्रात उघडी पडली. एका सकाळी अक्षता खाली उतरली, तर तळभर भेगा. एका भेगेत तिनं हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला.

"हा थर उकरून, भिजवून पुन्हा दाबावा लागेल," ती साइटप्रमुख भागवतसाहेबांना म्हणाली.

"पाणी मारा. काळी माती फुगते, भेगा मिटतात."

"वरून मिटतात, साहेब. आत तशाच राहतात."

साहेबांनी टँकर बोलावला. संध्याकाळी तळ गुळगुळीत दिसू लागला. अक्षतानं बांधकाम कंपनीच्या ऑफिसात कळवलं, तर तिचीच बदली परभणीकडच्या रस्त्यावर झाली.

त्या खड्ड्याच्या उताराला तिची वस्ती होती आणि वस्तीची विहीर. गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, म्हणून बहात्तरच्या दुष्काळात तिच्या आजोबांनी, तातेरावांनी, भावकीला घेऊन ती खोदली होती.

दोन पावसाळ्यांनंतर अक्षता सुट्टीला घरी आली. आई, बेबीनंदा, चुलीपाशी वैतागली होती. "औंदा डाळच शिजून न्हाई राह्यली, बाई. पाणीबी मचूळ लागतंय."

अक्षतानं घोटभर पाणी तोंडात धरलं आणि थुंकून टाकलं. बाटली भरून जालन्याला तपासायला दिली. पाण्यात शिसं निघालं.

"आबा, हे पाणी आता प्यायचं न्हाई," ती तातेरावांना म्हणाली. "खड्ड्यातलं झिरपून राह्यलंय."

"तूच तं बांधला व्हता ना त्यो?"

"हो."

"मंग प्यायचं कुठलं?"

"गावातल्या टाकीवरून आणू. मी बोलते सरपंचांशी."

म्हाताऱ्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. "कोनाच्या दारी हंडा घेऊन उभं राह्याचं न्हाई, म्हणून खोदली आमी ती," एवढंच बोलून ते आत जाऊन पडले.

तक्रारी झाल्या, साहेबलोक येऊन गेले. खड्ड्यात नवा कचरा टाकणं थांबलं. आधी टाकलेला तिथंच राहिला. त्याच्याखालची माती आता कोण दुरुस्त करणार? विहिरीवर जाळी ठोकली. तातेराव टाकीचं पाणी पीत, पण जेवण निम्म्यावर आलं होतं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी अक्षता आईसोबत टाकीवर रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा नळ सोडणाऱ्यानं सहजच विचारलं, "तुमच्याकडं तं विहीर हाय ना?"

बेबीनंदानं मान खाली घातली. अक्षतानं हंडा नळाखाली सरकवला.