गुडघ्यांची फळी

मी एक जुनं, गुडघे टेकून प्रार्थना करायचं लाकडी आसन आहे. वर पुस्तकासाठी उतरती फळी, खाली गुडघ्यांसाठी आडवी फळी, एवढाच माझा संसार. पनवेलच्या काशिराम सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं आणि चर्चशेजारी फादर दिनानाथांच्या खोलीत आणून ठेवलं.

मित्रांनो, फादर मोठे विद्वान. तरुणांना तत्त्वज्ञान शिकवायचे. माझ्या वरच्या फळीवर त्यांचे जाडजूड ग्रंथ असत. खालच्या फळीचं पॉलिश उडून दोन पांढुरके डाग पडले होते. पाहुण्यांना ते दाखवून फादर म्हणत, "ही माझी बारा वर्षांची प्रार्थना." मला ओशाळल्यासारखं होई, पण लाकडाला तोंड कुठे असतं?

१९९१ साली फादर माझ्या वरच्या फळीवर कागद ठेवून पुस्तक लिहायला बसले. देवासमोर मुकाट्याने ध्यान करणं मोठं, की त्याच्याविषयी विचार करणं, याचा निकाल त्यांना लावायचा होता. पण खुर्ची ओढली की पाय माझ्या खालच्या फळीला अडत. एके सकाळी त्यांनी काशिरामला बोलावून सांगितलं, "ही फळी कापून टाक."

न्हावा शेवा बंदराचे ट्रक रस्त्याने गेले की मी नुसतं थरथरायचं, त्या दिवशी मात्र पार हादरून गेलं. ध्यानावर लिहायचं म्हणून गुडघ्यांची जागाच कापायची? माझा विश्वासच बसेना. करवत चालली आणि फळी अंगणातल्या सरपणावर जाऊन पडली.

दुपारी भागी आली. सकाळभर सुकापूरला बांधकामावर विटा वाहून ती खोल्या झाडायला यायची. फादर वर्गावर गेले की रोज घटकाभर माझ्यावर गुडघे टेकून गप्प राहायची. मला तसं पाहून तिच्या हातातला झाडू गळाला. ती अंगणात गेली, सरपणातून फळी काढली, पदराने पुसली आणि माझ्यासमोर ठेवून तिच्यावर टेकली. तिचे गुडघे बरोबर त्या दोन डागांवर बसले.

विसरलेला चष्मा न्यायला फादर परतले ते दारातच थिजले.

"हे डाग तुझे?"

"चूक झाली, फादर. घासून बी जात नाय."

"इथे काय मागतेस?"

"मागत काय नाय. वरच्या पुस्तकात काय हाय ते मला वाचता नाय येत. मग ज्याच्याबद्दल लिवलंय, त्याच्याकडंच बसते."

फादरांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण शेवटचे कधी टेकलो होतो, ते त्यांना आठवेना. भागी उठल्यावर ते फळीवर टेकले आणि मिनिटभरातच गुडघे धरून बसले.

दुसऱ्या दिवशी काशिरामने फळी पुन्हा जोडली. "कापायच्या आदी जरा इचार करायचा ना, फादर," तो पुटपुटला.

माझा सांधा अजून दिसतो. मित्रांनो, माझ्यावर पुस्तकं खुशाल ठेवा, फादरही ठेवतात. पण पुस्तकांसाठी खालच्या फळीला करवत लावू नका. पाहुणे आले की फादर आजही ते डाग दाखवतात आणि सांगतात, "ही भागीची प्रार्थना. माझी अजून उमटायची आहे."